मेक्सिकोची मातीची भांडी आणि सजवलेले पेले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त काही वर्षे मी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात राहिले. शहराला लागूनच तोनाला हे कुंभारांचे गाव आहे आणि तिथे दर गुरुवारी व रविवारी रस्त्यावर बाजार भरतो. त्या बाजारातून आणि नंतर इतर राज्यांतून गोळा केलेली भांडी आता पुण्याच्या घरी मांडणीवर आहेत. घरी येणारे पाहुणे त्यांच्याबद्दल विचारतात. तिकडे नोकरीला निघालेली मराठी मुलेमुलीही फोन करून विचारतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

इतके प्रकार आहेत, सुरुवात कुठून करावी?

भांड्याचा रंग बघण्याआधी त्यातून काय पितात ते विचारा. मेक्सिकोत पेय आधी ठरते आणि भांडे त्याच्या मागून येते. थंड पाण्यासाठी एक माती, मेस्काल या दारूसाठी दुसरी, चॉकलेटसाठी तिसरा आकार. हे एकदा कळले की दुकानातला गोंधळ निम्मा कमी होतो.

काही नावे कानावर पडतीलच. ओया म्हणजे पोट फुगलेले, चुलीवरचे भांडे, आपल्या मडक्याच्या जवळचे. कांतारो म्हणजे अरुंद गळ्याची पाण्याची घागर. कासुएला पसरट, रश्श्यासाठी. कोमाल म्हणजे तवा. हारो म्हणजे कान असलेला, प्यायचा मातीचा पेला. मडक्याचे जसे मडकुले, तसा लहान हारो म्हणजे हारितो.

ही कला किती जुनी आहे?

चिआपास राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर इसवी सनपूर्व १९०० च्या सुमाराची मातीची भांडी सापडली आहेत. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या भांड्यांत त्यांची गणना होते. ती स्वयंपाकाची नाहीत, याचे मला फार अप्रूप वाटते. पातळ कडांची, घोटून गुळगुळीत केलेली, रेघा आणि खोबणींनी सजवलेली, भोपळ्याच्या आकाराची ही भांडी पेयासाठी होती. चुलीवर अन्न शिजवण्याचे काम तिथल्या मातीने पुढे उचलले. चार माणसांपुढे पेय मांडण्यासाठी सुंदर भांडे हवे, ही गरज त्याआधीची.

पुढे माया या प्राचीन संस्कृतीच्या लोकांनी उंच, नळकांड्यासारखे पेले केले. त्यांच्या काठाभोवती चित्रलिपीची एक ओळ असे: हा अमक्याचा पिण्याचा पेला, कोकोसाठी. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात, अगदी तसेच. ती लिपी उलगडल्यावर कोको या शब्दाची खूणही वाचता आली. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल इथे फिरकीच्या झाकणाचे एक भांडे मिळाले, त्यावर ती खूण होती आणि आतल्या अवशेषांतही कोकोचा अंश सापडला.

मातीच्या पेल्याआधी लोक कशातून प्यायचे?

हिकारातून. हिकारा हे एका झाडाचे टणक सालीचे गोल फळ. ते अर्धे कापायचे, गर काढायचा, वाळवायचे की वाटी तयार. आपल्याकडच्या तुंब्यासारखेच, पण तुंबा वेलीवर येतो आणि हे झाडावर. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतल्या शिकाल्ली या शब्दावरून हे नाव आले.

हिकारा आजही रोजच्या वापरात आहे. वाहाका शहराजवळच्या सान आंद्रेस वायापाम गावच्या बायका तेहाते नावाचे पेय विकतात. मका, कोको, मामे फळाची बी आणि एक सुगंधी फूल वाटून, पाण्यात हाताने फेसून ते करतात. भले मोठे मातीचे पातेले, वर पांढऱ्या फेसाचे ढग, आणि ते पेय ओतून देतात ती लालभडक हिकारा, आतून-बाहेरून फुले रंगवलेली. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा फेस ओठाला लागेपर्यंत त्या फुलांकडेच बघत होते.

गेरेरो राज्यातले ओलिनाला आणि चिआपासमधले चिआपा दे कोर्सो ही लाखेसारख्या चकचकीत लेपाच्या हिकारांची जुनी गावे.

तोनालाची भांडी एवढी हलकी आणि गुळगुळीत कशी?

तिथले जुने काम चाकावरचे नाही. मातीची पोळी थापून ती साच्यावर बसवतात, दोन अर्ध जोडून सांधा पुसून टाकतात. मग पातळ मातीचा लेप, त्यावर चित्र. बारीक रेघांसाठी कुत्र्याच्या केसांचे कुंचले वापरतात. शेवटी पायराइटच्या दगडाने भांडे घोटतात, तास न् तास. ही चमक ग्लेझची, म्हणजे वरून चढवलेल्या काचेसारख्या थराची नसते, निव्वळ घोटाईची असते. या प्रकाराला बार्रो ब्रुन्यीदो म्हणजे घोटलेली माती म्हणतात. भट्टी मंद असते, म्हणून अंग सच्छिद्र राहते आणि आपल्या माठासारखे पाणी गार होते.

या कामातला सर्वांत देखणा प्रकार म्हणजे बोतेयोन. रात्री उशाशी ठेवायची अरुंद गळ्याची सुरई, आणि तिच्या तोंडावर झाकण म्हणून पालथा घातलेला तिचाच पेला. माझ्या आजीच्या पलंगाजवळ तांब्यावर भांडे पालथे घातलेले असायचे. तोनालाच्या बाजारात पहिला बोतेयोन दिसला तेव्हा पोटात कालवले. मी विकत घेतलेली पहिली वस्तू तीच.

पेतातियो हे नाव ऐकलेत तर थांबून बघा. पेताते म्हणजे ताडपात्याची चटई. चित्रातली फुले, हरणे, पक्षी यांच्यामागची सगळी मोकळी जागा चटईच्या विणीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघांनी भरतात, तो पेतातियो. एका मोठ्या भांड्याला महिने लागतात. चित्रांत एक हसरा, माणसाच्या चेहऱ्याचा प्राणी वारंवार दिसतो. तो नाहुआल, रूप बदलणारा जादूगार.

स्पेनमधल्या बायका ही भांडी खायच्या, हे खरे आहे का?

खरे आहे. सतराव्या शतकात तोनालाची घोटलेली लाल भांडी जहाजांतून स्पेन आणि इटलीत जात. तिकडे त्यांना बुकारो म्हणत. त्यांत पाणी ओतले की ते गार होई आणि त्याला मातीचा सुगंध येई. श्रीमंत घरांत पाण्याने भरलेले बुकारो खोलीत नुसते ठेवत, हवेला वास यावा म्हणून. आणि पाणी पिऊन झाल्यावर उच्चकुलीन स्त्रिया भांड्याचे तुकडे मोडून खात. त्याने कांती गोरी होते असा समज होता. माती पोटात गेली की शरीराला लोह नीट मिळत नाही, त्यामुळे येणारी फिकुटी त्यांना सौंदर्य वाटत असावी.

स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझचे १६५६ सालचे ‘लास मेनिनास’ हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात छोट्या राजकन्येपुढे गुडघे टेकलेली मुलगी तबकातून एक लहानसे लाल भांडे देते आहे. ते बुकारोच. ते तोनालाचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. ओन्यातेच्या सरदारपत्नीने जमवलेला बुकारोंचा मोठा संग्रह माद्रिदच्याच म्युझेओ दे आमेरिकामध्ये आहे.

आपल्याकडे डोहाळे लागलेल्या बाईला भाजलेल्या मातीचा तुकडा खावासा वाटतो, हे आजी-पणजीपासून ऐकलेले असते. पहिल्या पावसाच्या वासाने जीव कासावीस होणाऱ्या माणसाला बुकारोचे वेड समजावून सांगावे लागत नाही. खाऊ मात्र नका. ओढ फार वाटत असेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

काळ्या भांड्यात पाणी ठेवता येते का?

चकचकीत काळ्या भांड्यात नाही, पाझरेल. राखाडी, खरबरीत भांड्यात येते.

ही भांडी वाहाका शहराच्या दक्षिणेला असलेल्या सान बार्तोलो कोयोतेपेक या गावची. तिथले लोक सापोतेक या मूळ रहिवासी समाजाचे. तिथेही पाश्चात्त्य पद्धतीचे चाक नव्हते. एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि वरची हाताने फिरवायची. माती रंगाने काळी नसते. भट्टीची तोंडे बंद करून धूर आत कोंडला की मातीतल्या लोहाला प्राणवायू मिळत नाही आणि ती काळवंडते. पूर्वी हे काम कडक भाजून राखाडी निघे, टिचकी मारली की घंटेसारखे वाजे, आणि त्या कांतारोंमधून मेस्काल वाहून नेत.

१९५० च्या दशकात रोसा रेआल मातेओ दे निएतो (१९००–१९८०), सगळे जग ज्यांना दोन्या रोसा म्हणते, त्यांनी अर्धवट वाळलेले भांडे गारगोटीने घोटून, थोडे कमी भाजून पाहिले. आरशासारखा काळा रंग आला. त्या चमकेने गावाचे नाव जगभर गेले, पण कमी भाजल्यामुळे पाणी धरण्याची ताकद गेली. माझ्याकडे दोन्ही आहेत. फुलदाणी म्हणून काळी, आणि हातात घ्यायला, खरे सांगायचे तर, मला राखाडीच अधिक आवडते.

निळी-पांढरी सगळी भांडी तालावेरा का?

नाही. तालावेरा हे नाव पुएब्ला आणि त्लाश्काला या दोन राज्यांतल्या ठरावीक भागांत, ठरावीक पद्धतीने केलेल्या कामालाच कायद्याने लावता येते. आपल्याकडे पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तसे. पुएब्ला शहर १५३१ मध्ये वसले, स्पेनहून कुंभार आले, आणि १६५३ मध्ये त्यांच्या संघाने नियमावली केली. पांढरा थर कथिलाच्या ग्लेझचा. निळा रंग कोबाल्टचा, महाग, म्हणून उत्तम मालावरच वापरायचा. फिलिपिन्सच्या मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून चिनी पोर्सेलीन मेक्सिकोत उतरत होते, त्याची नक्कल करता करता पुएब्लाच्या निळ्याला स्वतःचे वळण आले. २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेला स्पेनमधल्या तिच्या मूळ गावांसह अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

खऱ्या मालाच्या तळाशी कार्यशाळेची खूण असते. बोट फिरवले तर निळी रेघ किंचित उंच लागते. बाजारातली बाकी निळी-पांढरी भांडी वाईट असतात असे मुळीच नाही, फक्त त्यांना तालावेराचा भाव देऊ नका.

चॉकलेटसाठी कोणते भांडे?

अझ्टेक लोक चॉकलेट एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणत. मोलिनियो ही लाकडी रवी स्पॅनिश काळात आली. आपण ताक घुसळतो तशीच ती दोन तळव्यांत फिरवतात. म्हणून चॉकलेटचा हारो पोटाला रुंद आणि गळ्याला आवळलेला असतो, घुसळताना उडू नये. मिचोआकान राज्यात असे हारो भरपूर मिळतात. तिथल्या कापुला गावची भांडी ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलेली असतात.

पुएब्लात कोको आणि चॉकलेट साठवायला मोठ्या तालावेरा बरण्या करत, त्यांना लोखंडी झाकण आणि कुलूप असे. वस्तू किती मोलाची होती ते त्या कुलपावरून कळते.

आणि पुल्के?

आगावे म्हणजे घायपाताच्या जातीतल्या मोठ्या झाडाचा गोड रस, आग्वामिएल, हा आपल्या नीरेसारखा. तो आंबला की पुल्के, जशी नीरेची माडी. पांढरे, दाटसर, फार न टिकणारे. मध्य मेक्सिकोत त्यासाठी तपकिरी, वर उठावाची फुले चिकटवलेले हारो करतात. मेतेपेक गावचे ओळखीचे. पुल्केरियांत, म्हणजे पुल्केच्या गुत्त्यांत, पुढे हिरवट काचेचे पेले आले आणि त्यांना आकारावरून नावे पडली: पेचदार तो तोर्नियो, खड्ड्याखड्ड्यांचा तो काकारिसा.

या भांड्यांत शिसे असते म्हणतात. कितपत घाबरावे?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

ग्लेझ न केलेल्या मातीत शिशाचा प्रश्न सहसा नसतो. प्रश्न आहे कमी तापमानाला भाजलेल्या, आतून काचेसारख्या चमकणाऱ्या, नारिंगी-तपकिरी किंवा हिरव्या भांड्यांचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी शिशाच्या ऑक्साइडचे ग्लेझ आणले. मेक्सिकन कुंभार त्याला ग्रेता म्हणतात. लाकडाच्या भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते, स्वस्त पडते आणि सुंदर चमकते. पण त्या उष्णतेला ते मातीशी पक्के बांधले जात नाही. आंबट पदार्थ लागला की शिसे सुटून अन्नात उतरते. पदार्थ गरम असेल किंवा भांड्यात बराच वेळ राहिला तर अधिकच.

आता आपल्या घरात काय काय आंबट असते ते आठवा: ताक, सोलकढी, लिंबाचे सरबत, टोमॅटोचे सार, चिंचेची आमटी. आणि लोणचे! माझ्या एका मैत्रिणीने मेक्सिकोहून आणलेल्या हिरव्या बरणीत कैरीचे लोणचे घातले होते, आपली चिनी मातीची बरणी समजून. आपली बरणी उच्च तापमानाला भाजलेली असते, ती गोष्ट वेगळी. लोणचे फेकायला लावले तेव्हा तिला वाईट वाटले, मलाही वाटले, पण तिच्या घरात दोन वर्षांचे मूल होते.

शिशाला चव नसते, वास नसतो. धुऊन ते जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि गरोदर बाईकडून ते बाळापर्यंत पोचते. सर्वांत जास्त झळ कुंभारांच्याच घरांना बसते, कारण ग्रेताची पूड त्यांच्या अंगणात, कपड्यांवर, मुलांच्या हातांवर असते. त्यांना दोष देऊन काही होत नाही. पिढ्यान् पिढ्या त्यांना हेच शिकवले गेले आणि गिऱ्हाईक चमकच मागते. सरकारी संस्था फोनार्त अनेक वर्षे बोरॉनवर आधारलेले शिसेमुक्त ग्लेझ शिकवते आहे. ‘बार्रो आप्रोबादो’ हा उपक्रम शिसे सोडलेल्या कुंभारांची ओळख करून देतो. अशांकडून दोन पैसे जास्त देऊन घ्या.

दुकानात ‘सिन प्लोमो’, म्हणजे शिसेमुक्त, असे विचारा. मात्र नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका, चिठ्ठी चुकीची असल्याचे प्रकार घडले आहेत. घरगुती चाचणीच्या काड्याही पूर्ण भरवशाच्या नाहीत, खात्री प्रयोगशाळेतच होते. शंका असेल तर भांडे शोभेला ठेवा. त्यात पेन ठेवा, सुकी फुले ठेवा. ओठाला लावू नका.

मग रोज चहा-कॉफी प्यायला काय घेऊ?

तोनालाचे स्टोनवेअर, म्हणजे उच्च तापमानाला भाजलेली घट्ट अंगाची भांडी. होर्हे विल्मोत (१९२८–२०१२) हे कलावंत १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोनालात आले आणि त्यांनी हे तंत्र तिथे रुजवले. भांडे पाणी धरते, टिकते, आणि नक्षी तोनालाचीच राहते. घरी काफे दे ओया करून बघा: पाण्यात दालचिनी आणि पिलोन्सियो उकळायचे, मग कॉफी घालून झाकायचे. पिलोन्सियो म्हणजे उसाचा गूळच. कोल्हापुरी गुळाने उत्तम होते, मी नेहमी करते.

कांतारितो पेय वेगळे आणि भांडे वेगळे का?

नाव दोघांचे एकच. हालिस्को राज्यात मातीचा छोटा पेला आधी गार पाण्यात भिजवून ठेवतात, काठाला मीठ लावतात, मग तेकिला, संत्रे, लिंबू, ग्रेपफ्रूट यांचा रस आणि सोडा. भिजलेली माती पेय गार ठेवते. पेला बिनग्लेझचा आहे ना, तेवढे बघून घ्या. लिंबू त्यात आहेच. तेकिला न घालताही छान लागते.

विकत घेताना काय तपासावे?

माठ घेताना करता तेच. टिचकी मारा. खणखणीत वाजले तर घ्या, भद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. कान कुठे जोडला आहे तिथे बोट फिरवा, हारो तिथेच आधी तुटतो. आतली बाजू उजेडात धरून बघा.

भावाबद्दल एवढेच सांगते. घासाघीस करण्याआधी त्या माणसाला विचारा की याला किती दिवस लागले. मी विचारायला लागल्यापासून घासाघीस केलेली नाही.

नवे भांडे वापरण्याआधी काय करावे?

बिनग्लेझचा पेला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि वाळवा. चुलीवरच्या ओयाला मेक्सिकन बायका तळाला बाहेरून लसूण चोळतात, मग आत पाणी घालून मंद आचेवर बराच वेळ उकळतात. आपण नव्या मातीच्या भांड्यात तांदळाची पेज उकळतो, त्यामागेही तेच: बारीक छिद्रे बुजावीत. साबण लावू नका, माती तो पिऊन घेते. घासणीने घासा आणि उन्हात पालथे घाला.

विमानातून कसे आणावे?

हातातल्या सामानात, आत मोजे आणि कपडे कोंबून, कान वर करून. एकात एक घालू नका.

ही भांडी बघायला कुठे जावे?

मेक्सिको सिटीत २००६ मध्ये उघडलेले म्युझेओ दे आर्ते पोपुलार, तालावेरासाठी फ्रान्झ मायर संग्रहालय, ग्वादालाहाराजवळच्या त्लाकेपाके आणि तोनालातली मातीकामाची संग्रहालये. आणि मेक्सिको सिटीच्याच कोयोआकान भागातले चित्रकार फ्रिदा काहलोचे निळे घर. तिथल्या स्वयंपाकघरात भिंतीवर बोटभर उंचीची हारितो टांगून दिएगो (तिचा नवरा) आणि फ्रिदा अशी नावे लिहिली आहेत. १९२१ मध्ये चित्रकारांनी राजधानीत लोककलांचे मोठे प्रदर्शन भरवले, तोवर शहरी घरांत ही भांडी नोकरांच्या खोलीतली मानली जात. त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर तो बदल डोळ्यांना दिसतो.

पेला फुटला तर?

बिनग्लेझचा असेल तर खापर कुंडीच्या तळाच्या छिद्रावर पालथे ठेवा, माती वाहून जात नाही. माझ्या तुळशीच्या कुंडीत तोनालाच्या एका हरणाचे अर्धे शिंग आहे. ग्लेझचा आणि शंकेचा असेल तर कुंडीत घालू नका, कागदात गुंडाळून टाकून द्या.